जनुकभेदांच्या फाईलमधील सांकेतिक टिपणांचे वाचन : उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसरातील बीटा थॅलसेमियाच्या संदर्भात

महत्त्वाचे शब्द : जनुकभेद, व्हीसीएफ, सांकेतिक टिपण, बीटा थॅलसेमिया, वाहक-तपासणी

प्रस्तावना

१९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना कल्याणनजीकच्या लष्करी छावणीतील बरॅकींमध्ये आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली आणि तिला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. माणसे स्थलांतर करतात तेव्हा भाषा, खाद्यसंस्कृती आणि व्यापारकौशल्य यांच्याबरोबरच त्यांची जनुकेही स्थलांतर करीत असतात. सिंधी समाजात बीटा थॅलसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त असल्याचे विविध सर्वेक्षणांतून दिसून आले आहे. भारताची सरासरी सर्वसाधारणपणे शंभरात ३ ते ४ अशी सांगितली जाते. मात्र हा आजार एका समाजाचा मानणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे ठरेल. महाराष्ट्रातील इतर अनेक समाजांतही त्याचे वाहक आढळतात, आणि कल्याण–कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांत आता सर्व प्रांतांचे लोक शेजारी राहतात.

वाहक व्यक्ती स्वतः निरोगी असते. तथापि पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत बालकास तीव्र थॅलसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बालकास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि शरीरात साचणारे लोह काढण्यासाठी आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. म्हणूनच वाहक ओळखणे हे या परिसरातील सार्वजनिक आरोग्याचे एक महत्त्वाचे कार्य आहे.

वाहक-तपासणीचा पाया आजही रक्तगणना आणि हिमोग्लोबिन ए-२ चे मापन हाच आहे. परंतु जनुकक्रम वाचण्याचा खर्च कमी झाल्याने आता अनेक कुटुंबांच्या व संशोधन-विद्यार्थ्यांच्या हाती ‘व्हीसीएफ’ या नावाने ओळखली जाणारी संगणकीय फाईल येते. ही फाईल उघडल्यावर दिसतो तो उभ्या रेघा, अर्धविराम, टक्केचिन्हे आणि आकडे यांचा दाट गुंता. त्यातून अर्थ कसा काढावा, आणि तो काढताना नेमके कोठे चुकण्याचा संभव आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. फाईलमधील रोमन अक्षरे येथे देवनागरीत लिहिली आहेत.

पत्त्याची रीत आणि टिपणाची रीत

उल्हासनगरातील जुना पत्ता अनोळखी माणसास कोड्यासारखा वाटतो. कॅम्प क्रमांक, सेक्शन क्रमांक, बरॅक क्रमांक आणि खोली क्रमांक असे चार आकडे त्यात एकामागून एक येतात. पोस्टमनला मात्र अडचण येत नाही, कारण कोणत्या स्थानावरील आकडा कशाचा हे त्याला ठाऊक असते. क्रम बदलला तर तेच चार आकडे भलत्याच घरी नेतील.

व्हीसीएफ फाईलमधील टिपणांचे असेच आहे. ‘एक हजार जीनोम’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या काळात ही रचना विकसित झाली व २०११ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. फाईलमधील प्रत्येक ओळ एका जनुकभेदाची असते. गुणसूत्र, स्थान, ओळखक्रमांक, मूळ अक्षर, बदललेले अक्षर, गुणवत्ता, गाळणी आणि माहिती असे पहिले आठ स्तंभ ठरलेले असतात. त्यापुढे नमुन्यांचे स्तंभ येतात. आठवा म्हणजे ‘इन्फो’ हा स्तंभ सर्वांत गर्दीचा. त्यातील नोंदी अर्धविरामाने वेगळ्या होतात, नाव आणि मूल्य बरोबरच्या चिन्हाने जोडलेले असते आणि एकाहून अधिक मूल्ये स्वल्पविरामाने तोडलेली असतात. मूल्य नसल्यास तेथे टिंब असते.

टिपण करणाऱ्या संगणकप्रणाली या स्तंभात आणखी एक थर रचतात. ‘स्निपइफ’ ही प्रणाली ‘एएनएन’ या नावाने आणि ‘व्हीईपी’ ही प्रणाली ‘सीएसक्यू’ या नावाने नोंद करते. या नोंदीत उभ्या रेघांनी विभागलेली अनेक घरे असतात. एएनएनमध्ये ती सोळा आहेत. पहिले बदललेल्या अक्षराचे, दुसरे परिणामाच्या प्रकाराचे, तिसरे परिणामाच्या तीव्रतेचे, चौथे जनुकाच्या नावाचे. पुढे नववे एक्झॉन वा इंट्रॉनच्या क्रमांकाचे, दहावे जनुकक्रमातील बदलाचे, अकरावे प्रथिनातील बदलाचे. सीएसक्यूमधील घरांची संख्या व क्रम मात्र प्रणाली चालविताना निवडलेल्या पर्यायांवर अवलंबून असतात. फाईलच्या आरंभी दोन हॅश चिन्हांनी सुरू होणाऱ्या ज्या ओळी असतात, त्यांत हा क्रम लिहिलेला असतो. त्या शीर्षओळी अनेकजण अडगळ समजून काढून टाकतात. असे करणे म्हणजे पत्ता ठेवून कॅम्पचा नकाशा फेकून देणे होय.

रिकाम्या घरांविषयी विशेष दक्षता हवी. इंट्रॉनमधील बदलाने प्रथिनाचे अक्षर थेट बदलत नाही, म्हणून अकरावे घर रिकामे राहते व दोन उभ्या रेघा लागोपाठ येतात. ‘रिकामे ते गाळा’ अशी आज्ञा संगणकास दिली की पुढील सर्व घरे एकेक पायरी डावीकडे सरकतात आणि अंतराचा आकडा प्रथिनाच्या रकान्यात जाऊन बसतो. संगणक त्याविषयी कोणतीही तक्रार करीत नाही.

एकच बदल, तीन नावे

भारतात बीटा थॅलसेमियास कारणीभूत ठरणारा सर्वांत सामान्य बदल डॉक्टरांच्या बोलण्यात ‘आयव्हीएस वन-फाईव्ह’ या जुन्या नावाने येतो. बीटा ग्लोबिनच्या, म्हणजे एचबीबी या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधील पाचव्या स्थानी जी ऐवजी सी आले, असा त्याचा अर्थ. आंतरराष्ट्रीय नामपद्धतीत तोच बदल ‘सी.९२+५जी>सी’ असा लिहितात. येथील आरंभीचा ‘सी.’ हा प्रथिन घडविणाऱ्या क्रमाचा निर्देशक आहे आणि शेवटचा ‘सी’ हे सायटोसीनचे अक्षर आहे. फाईलमध्ये मात्र तो अकराव्या गुणसूत्रावरील ५२२६९२५ या स्थानी सी च्या जागी जी असा दिसतो. नमुना जुन्या संदर्भक्रमावर, म्हणजे जीआरसीएच-३७ वर जुळविला असल्यास स्थान ५२४८१५५ असते. वरील पहिला आकडा जीआरसीएच-३८ चा आहे. दोहोंत २१,२३० अक्षरांचा फरक आहे. संदर्भक्रमाचे नाव न लिहिता केवळ स्थानाचा आकडा देणारा अहवाल म्हणूनच अपुरा समजावा.

‘जी चे सी’ हा बदल फाईलमध्ये ‘सी चे जी’ असा उलटा का दिसतो, हा प्रश्न नवख्या वाचकास हमखास पडतो. एचबीबी हे जनुक डीएनएच्या उलट दिशेच्या धाग्यावर आहे आणि फाईल नेहमी सरळ दिशेचा धागा लिहिते. ए ची जोडी टी शी व सी ची जोडी जी शी असल्याने उलट धाग्यावरील जी→सी सरळ धाग्यावर सी→जी होतो. फाईलमध्ये बदल उलटा झाला आहे, म्हणजे बिघडलेले अक्षर मूळ पदावर आले, असा समज करून घेणे घातक आहे.

आकड्यांचा आणखी एक सापळा प्रथिनाच्या नावांत आहे. सिकलसेलचा बदल पाठ्यपुस्तकांत सहाव्या स्थानी सांगितलेला असतो, फाईलमध्ये तो सातव्या स्थानी दिसतो. महाराष्ट्रात आढळणारा ‘कोडॉन १५’ हा थॅलसेमियाचा बदलही फाईलमध्ये सोळाव्या स्थानी येतो. जुनी पद्धत प्रथिनाच्या आरंभीचे, पुढे गळून जाणारे मेथिओनीन मोजत नसे. नवी पद्धत ते मोजते. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचे शक ९८२ (इ. स. १०६०) हे वर्ष आरंभीच्या वाचनात ७८२ असे लावले गेले होते, आणि एका अंकामुळे मंदिराचे वय दोनशे वर्षांनी वाढले होते. जनुकाच्या बाबतीत एका अंकाची चूक वय वाढवीत नाही, ती दुसऱ्याच बदलाचे निदान करते.

‘लो’ या शेऱ्याचा अर्थ

या विषयातील सर्वांत गंभीर धोका तिसऱ्या घरात आहे. वर उल्लेखिलेल्या बदलाची एएनएन नोंद साधारणपणे अशी सुरू होते :

जी|स्प्लाइस_रिजन_व्हेरियंट&इंट्रॉन_व्हेरियंट|लो|एचबीबी|…

दुसऱ्या घरातील ‘&’ हे चिन्ह दोन परिणाम एकत्र जोडते. तिसऱ्या घरातील ‘लो’ म्हणजे अल्प परिणाम. जो बदल भारतात तीव्र थॅलसेमियाचे सर्वांत सामान्य कारण आहे, त्यावर संगणकाने अल्प परिणामाचा शेरा मारलेला असतो.

यामागे प्रणालीचा दोष नाही, तिचा नियम आहे. इंट्रॉनच्या आरंभीची पहिली दोन अक्षरे जवळजवळ सर्वत्र जी व टी अशीच असतात. त्यांत बदल झाला की कापणी व जोडणीची क्रिया निश्चित बिघडते, म्हणून तेथील बदलास ‘हाय’ असा शेरा मिळतो. तिसऱ्यापासून आठव्या अक्षरापर्यंतचा पट्टा ‘स्प्लाइस रिजन’ मानला जातो आणि तेथील सर्व बदलांना सरसकट ‘लो’ असा शेरा मिळतो. व्हीईपीच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी पाचव्या अक्षराच्या बदलास स्वतंत्र नाव दिले आहे, परंतु तीव्रतेचा शेरा अल्पच राहिला आहे. हा शेरा स्थानाच्या प्रकारावरून दिलेला असतो. त्या विशिष्ट बदलाने प्रत्यक्षात कोणता आजार होतो याच्याशी त्याचा संबंध नसतो. प्रत्यक्षात पाचव्या अक्षराच्या या बदलामुळे पेशी जवळच्या चुकीच्या जागी कापणी करते आणि योग्य बीटा ग्लोबिन अत्यल्प प्रमाणात तयार होते.

याच्या शेजारी सिंधी कुटुंबांत वारंवार आढळणारा ‘आयव्हीएस वन-वन’, म्हणजे सी.९२+१जी>टी हा बदल ठेवून पाहावा. तो केवळ चार अक्षरे अलीकडे आहे. त्याला ‘हाय’ असा शेरा मिळतो. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उल्हासनगरातील एक तरुण +१ या बदलाचा आणि बदलापूरमधील एक तरुणी +५ या बदलाची वाहक आहे. फाईल तपासणाऱ्याने हजारो जनुकभेदांची यादी आटोपशीर करण्यासाठी ‘फक्त हाय आणि मॉडरेट ठेवा’ अशी गाळणी लावली. तरुणाचा बदल यादीत राहील, तरुणीचा गळून जाईल. एकच जोडीदार वाहक असल्याने धोका नाही, असे त्यांना सांगितले जाईल. वास्तविक प्रत्येक गर्भधारणेत २५ टक्के धोका कायम आहे.

तरुणीच्या रक्तात हिमोग्लोबिन ए-२ वाढलेले असेल व तांबड्या पेशींचा आकार लहान असेल, त्यामुळे साधी रक्ततपासणी झालेली असल्यास ही चूक पकडली जाईल. महागड्या फाईलपुढे स्वस्त तपासणीस गौण मानण्याची जी प्रवृत्ती दिसते, ती या दृष्टीने अयोग्य होय.

रोगनिदानाच्या अंगाने अधिक उपयुक्त टिपण ‘क्लिनव्हार’ या सार्वजनिक संग्रहातून घेतलेले असते. +५ या बदलाची तेथील नोंद ‘रोगकारक’ अशी आहे. म्हणजे एकाच ओळीत एका रकान्यात ‘अल्प परिणाम’ आणि दुसऱ्या रकान्यात ‘रोगकारक’ असे दोन शेरे नांदतात. त्यांत विसंगती नाही, ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

आकडे, टक्केचिन्हे आणि बेरजेचे संकेत

क्लिनव्हारच्या २०१७ पूर्वीच्या फाईलींमध्ये हा शेरा शब्दांत नसून अंकांत असे. २ म्हणजे निरुपद्रवी, ३ बहुधा निरुपद्रवी, ४ बहुधा रोगकारक, ५ रोगकारक, ० अर्थ अनिश्चित आणि २५५ म्हणजे इतर. जुन्या प्रकल्पांच्या फाईली आजही महाविद्यालयीन संगणकांवर सापडतात. या अंकांचा आकार हा तीव्रतेचा क्रम नव्हे. २५५ हा आकडा सर्वांत मोठा म्हणून सर्वांत घातक समजून वरच्या बाजूस क्रमवारी लावल्यास ‘इतर’ या गटातील नोंदी अग्रभागी येतात.

उगम सांगणाऱ्या ‘ओरिजिन’ या रकान्यातील आकडा वेगळ्याच तऱ्हेने वाचावा लागतो. तेथे १ म्हणजे जन्मजात, २ म्हणजे शरीरपेशीत नंतर झालेला, ४ आनुवंशिक, ८ पित्याकडून, १६ मातेकडून, ३२ नव्याने उद्भवलेला. एकाहून अधिक गोष्टी लागू असल्यास त्यांची बेरीज लिहितात. २५ हा आकडा आला तर तो १६, ८ आणि १ असा फोडावा : जन्मजात, पित्याकडूनही व मातेकडूनही आल्याची नोंद. प्रत्येक आकडा आधीच्या दुप्पट असल्याने कोणतीही बेरीज एकाच प्रकारे फोडता येते. मात्र ही माहिती संग्रहात नोंद पाठविणाऱ्यांच्या रुग्णांविषयीची असते; समोरच्या व्यक्तीस बदल कोणाकडून आला हे तिच्यावरून ठरत नाही.

टक्केचिन्हांचे कारण साधे आहे. अर्धविराम, स्वल्पविराम व बरोबरचे चिन्ह ही विभाजक म्हणून राखीव असल्याने मजकुरात तीच चिन्हे आली तर फाईल मोडेल. म्हणून व्हीसीएफच्या ४.३ या आवृत्तीने त्यांच्यासाठी सांकेतिक रूपे ठरविली. बरोबरच्या चिन्हासाठी %३डी, अर्धविरामासाठी %३बी, स्वल्पविरामासाठी %२सी, आणि खुद्द टक्केचिन्हासाठी %२५. एचबीबीमध्ये सर्रास आढळणारा सी.९टी>सी हा निरुपद्रवी बदल तिसऱ्या स्थानावरील हिस्टिडीन तसेच ठेवतो. नामपद्धतीत तो बरोबरच्या चिन्हाने दाखवितात आणि फाईलमध्ये ‘पी.एचआयएस३%३डी’ असे दिसते. ते वाचून काहीतरी भयंकर घडले असे वाटण्याचे कारण नाही. ‘काहीही बदलले नाही’ असे ते चिन्ह सांगते. उलगडा करताना आधी विभाजकांवर तुकडे करावेत व नंतरच सांकेतिक रूपे मूळ चिन्हांत आणावीत, तीही एकदाच. क्रम उलटा केल्यास मजकुरातील स्वल्पविराम विभाजक समजला जातो.

नमुन्याच्या स्तंभातील ‘०/१’ म्हणजे एक प्रत मूळ व एक बदललेली, अर्थात वाहक. ‘१/१’ म्हणजे दोन्ही प्रती बदललेल्या. येथे तिरप्या रेघेऐवजी उभी रेघ आल्यास कोणती प्रत कोणत्या गुणसूत्रावर हे ठरले आहे असा अर्थ होतो. एएनएनमधील उभ्या रेघेशी तिचा काहीही संबंध नाही. रुग्णाच्या फाईलमध्ये दोन भिन्न स्थानी दोन ०/१ आढळले, तर ते दोन बदल एकाच गुणसूत्रावर आहेत की दोन वेगळ्या, हे तिरप्या रेघेवरून कळत नाही. त्यासाठी माता-पित्यांची तपासणी लागते.

व्यवहारातील एक सूचना येथे अस्थानी ठरू नये. अशी फाईल एक्सेलमध्ये थेट उघडू नये. ते ‘१/१’ हे १ जानेवारी समजते आणि इंट्रॉनचा ‘१/२’ हा क्रमांकही तारखेत रूपांतरित करते. याच सवयीमुळे काही मानवी जनुकांची नावे २०२० पर्यंत अधिकृतपणे बदलावी लागली. बीसीएफटूल्स या मुक्त प्रणालीतील स्प्लिट-व्हीईपी हे साधन शीर्षओळी वाचून घरे योग्य नावांनी वेगळी करते. विद्यार्थ्यांनी त्याचा सराव करावा.

फाईलमध्ये नसलेला बदल

सिंधी समाजात वारंवार आढळणारा आणखी एक बदल म्हणजे ६१९ अक्षरांचा लोप. त्यात बीटा ग्लोबिन जनुकाचा शेवटचा भाग नाहीसा झालेला असतो. अक्षराअक्षराचे बदल शोधणारी नेहमीची पद्धत लहान तुकडे वाचते. एवढा मोठा लोप तिच्या नजरेतून निसटू शकतो आणि तेव्हा फाईलमध्ये त्याची ओळच नसते. नसलेल्या ओळीचा उलगडा कोणत्याही कौशल्याने होत नाही. रचनात्मक बदल शोधणारी वेगळी प्रणाली चालविली असल्यास तो बदललेल्या अक्षराच्या स्तंभात कोनी कंसातील ‘डीईएल’ या खुणेने येतो, आणि इन्फो स्तंभात ‘एंड’ या नावाने शेवटचे स्थान व ‘एसव्हीएलईएन’ या नावाने लांबी दिलेली असते. जुन्या आवृत्त्यांत ही लांबी उणे चिन्हासह, म्हणजे -६१९ अशी लिहीत, ४.४ या आवृत्तीपासून उणे चिन्ह वगळले आहे. एका गुणसूत्रावर हा लोप असताना दुसऱ्यावरील त्याच भागात एखादा बदल असेल, तर वाचण्यास एकच प्रत उरल्याने ०/१ ऐवजी १/१ दिसते, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून या परिसरातील व्यक्तीच्या फाईलमध्ये एचबीबीचा रोगकारक बदल दिसला नाही, परंतु हिमोग्लोबिन ए-२ वाढलेले असेल, तर ‘वाहक नाही’ असा शेरा देता येत नाही. या लोपासाठी गॅप-पीसीआर ही जुनी, तुलनेने स्वस्त चाचणी उपलब्ध आहे. लोपाच्या दोन्ही बाजूंना प्रारंभक ठेवून मधला भाग वाढविला जातो. लोप असल्यास तुकडा ६१९ अक्षरांनी आखूड निघतो आणि जेलवर त्याची पट्टी नेहमीच्या पट्टीहून पुढे सरकलेली दिसते. वाहकाच्या नमुन्यात दोन पट्ट्या असतात, एक लांब व एक आखूड.